वंशावळीत उरीयाचे नाव

पवित्र शास्त्रात वंशावळीविषयी दोन प्रकारची शिकवण आढळते, आणि वरवर वाचणाऱ्यास ती परस्परविरुद्ध भासण्याचा संभव आहे. प्रेषित पौल तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आणि पुनः तीतास लिहिताना, अंत नसलेल्या वंशावळ्यांच्या नादी लागू नये असे बजावितो. कारण त्यांतून वाद मात्र निघतात, विश्वासाची वाढ होत नाही. उलटपक्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने होतो. लूकही ती देतो. आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय तर बहुतेक नावांनीच भरलेले आहेत. मग ख्रिस्ती मनुष्याने आपल्या पूर्वजांचा शोध करावा की करू नये? करावा तर कशासाठी? आणि त्या शोधात पूर्वजांच्या हातचे एखादे अन्यायाचे कृत्य उजेडात आले, तर त्याचे काय करावे?

हे प्रश्न विद्वानांपुरतेच आहेत असे कोणी समजू नये. ज्या गावात मनुष्याची किंमत त्याच्या कुळावरून ठरविली जाते, त्या गावात राहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला ते लागू आहेत. परंतु आपल्या घरच्या गोष्टीचा न्याय करताना आपले मन सरळ राहत नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे आला तेव्हा त्याने प्रथम दुसऱ्याच कोणा मनुष्याच्या मेंढीची गोष्ट सांगितली, ती याच कारणाने. तोच मार्ग धरून मी प्रथम एका दूरच्या लोकांची हकीकत सांगतो. ते आपल्यासारखेच शेतकरी होते, आणि बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट मंडळीचे होते.

काळ्या समुद्राच्या वायव्येस, प्रुट आणि नीस्टर या दोन नद्यांच्या मधोमध बेसारेबिया नावाचा प्रांत आहे. आज त्याचा काही भाग मोल्दोव्हा देशात व काही युक्रेन देशात मोडतो. १८१२ साली तुर्की सुलतानाकडून तो रशियाच्या बादशहाकडे आला. त्याच्या दक्षिण भागातील गवताळ रानावर पूर्वी नोगाई तातार लोकांचे कळप चरत असत. युद्धाच्या धामधुमीत त्या लोकांस तेथून जावे लागले व रान ओस पडले. ते वसविण्यासाठी बादशहा पहिला अलेक्झांडर याने १८१३ च्या नोव्हेंबरात जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांस बोलाविले. दर कुटुंबास ६० देस्यातिना, म्हणजे सुमारे १६० एकर जमीन वंशपरंपरेने मिळावी, दहा वर्षे सारा माफ असावा, सैन्यात भरती होण्याची सक्ती नसावी, आणि आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असावी, अशी वचने त्यात होती.

या बोलावण्याला ओ देणारे कोण होते? काही जण पोलंडात पूर्वी जाऊन राहिलेले जर्मन होते. दुसरे पुष्कळ जण दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्ग राज्याचे होते. नेपोलियनच्या लढायांनी तो मुलूख पिळून निघाला होता. त्यातच १८१५ साली पूर्वेकडील सुंबावा बेटावर तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला, आणि त्याच्या राखेने आकाश झाकोळून पुढल्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. पीक शेतातच कुजले. १८१६ व १८१७ साली वुर्टेम्बर्गात दुष्काळ पडला. शेकडो कुटुंबे उल्म शहरी नावांत बसून डॅन्यूब नदीने पूर्वेकडे निघाली. नदीच्या मुखाजवळ इस्माइल येथे साथीच्या भीतीने त्यांस अडकवून ठेविले. तेथे तापाने व हगवणीने पुष्कळ माणसे मेली. जे वाचले त्यांनी गवताळ रानात जमीन खोदून, वर गवताचे छप्पर घालून पहिली घरे केली. त्यांच्यात एक म्हण होऊन बसली, तिचा भावार्थ असा, की पहिल्या पिढीच्या वाट्याला मरण, दुसरीच्या वाट्याला टंचाई, आणि तिसरीच्या वाट्याला भाकर.

१८१४ ते १८४२ या अवधीत त्यांची २४ मूळ गावे वसली. नेपोलियनशी झालेल्या युद्धातील ठिकाणांची नावे सरकारने त्यांपैकी कित्येकांस दिली. म्हणून त्या रानात टारुटिनो, बोरोदिनो, लाइप्झिग, पॅरिस अशी गावे एकमेकांशेजारी दिसू लागली. गावात आधी शाळा व प्रार्थनेचे घर उभे राही. पाळक थोडे, गावे पुष्कळ. यास्तव जो शाळामास्तर तोच रविवारी लेखी उपदेश वाचून दाखवी, प्रसंगी बालकाचा बाप्तिस्मा करी आणि मृतास मूठमाती देई. असे मास्तर तयार करण्यासाठी सराटा गावी १८४४ साली वेर्नर नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून शाळा निघाली. आपल्या खेड्यांतून एकट्याने मंडळी सांभाळणाऱ्या उपदेशकांस या मास्तरांची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही.

आणखीही एक नाते आहे. ज्या वुर्टेम्बर्गातील भक्तिमान घरांतून, बायबल वाचीत व गीते गात, ही कुटुंबे पूर्वेस गेली, त्याच वुर्टेम्बर्गातील तशाच घरांतून बासेल मिशनचे कितीएक कामकरी आपल्या देशात आले. मल्याळम भाषेचा कोश करणारे हेर्मान गुंडर्ट हे १८१४ साली, म्हणजे टारुटिनो वसले त्याच वर्षी, स्टुटगार्ट येथे जन्मले. १८४३ साली मंगळुरास कन्नड भाषेतील पहिले वर्तमानपत्र काढणारे हेर्मान म्योग्लिंग हेही त्याच राज्याचे. त्या मिशनची धारवाड व हुबळी येथील ठाणी आपल्या मराठी मुलखाच्या सीमेपासून फार लांब नाहीत. तेव्हा ज्यांची गोष्ट आपण ऐकत आहो, ते आपल्या विश्वासाच्या घराण्यातले दूरचे चुलतेच म्हणावयाचे.

एकशेसव्वीस वर्षे ही वस्ती तेथे नांदली. मध्यंतरी बादशहाची वचने एकेक करून मोडली. १८७४ पासून सैन्यभरती लागू झाली. काही कुटुंबे अमेरिकेत डाकोटाच्या माळावर निघून गेली. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रांत रुमानियाकडे आला. पुढे १९३९ च्या ऑगस्टात हिटलर व स्टालिन यांच्यात करार झाला, आणि २८ जून १९४० रोजी सोव्हिएट सैन्य बेसारेबियात शिरले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरास दोन्ही सरकारांनी ठरविले की तेथील जर्मन लोकांनी इच्छा असल्यास जर्मनीत जावे. जमिनी सरकारजमा होतील, मंडळ्या बंद पडतील, या भयाने जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे ९३,००० माणसे, दोन महिन्यांच्या आत निघाली. स्त्रिया, मुले व वृद्ध मोटारींतून, आणि पुरुष घोडागाड्यांतून डॅन्यूबच्या बंदरांपर्यंत गेले. तेथून आगबोटींनी व आगगाड्यांनी त्यांस नेण्यात आले. उभी घरे, द्राक्षमळे, गुरे आणि पाच-सहा पिढ्यांची थडगी मागे राहिली. कितीएक गावांत लोकांनी निघण्यापूर्वी कबरस्तानात जमून उपासना केली. येथवर ऐकून कोणाचे अंतःकरण द्रवणार नाही?

परंतु गोष्ट येथे संपत नाही. या लोकांस प्रथम जर्मनीतील छावण्यांतून ठेवण्यात आले, आणि तेथे एका सरकारी कचेरीने प्रत्येक कुटुंबाची तपासणी केली. आईबाप कोण, आजेआजी कोण, रक्त शुद्ध जर्मन आहे की नाही, शरीर निरोगी आहे की नाही, मनाचा कल सरकारकडे आहे की नाही, हे सर्व लिहून काढण्यात आले. पूर्वी ज्या नोंदी मंडळीच्या वहीत बाप्तिस्म्याची व लग्नाची आठवण म्हणून होत असत, त्याच आता मनुष्याची प्रत ठरविण्याचे माप झाल्या. जे पसंतीस उतरले त्यांस पूर्वेकडे शेत देण्याचे ठरले. त्यांच्याबरोबर आलेल्या दुर्बळ व मनाने आजारी माणसांपैकी कित्येकांस वेगळे काढून संस्थांत ठेवण्यात आले, आणि त्यांतील काही पुनः घरच्यांच्या दृष्टीस पडलेच नाहीत; आजाऱ्यांस नाहीसे करण्याचे जे भयंकर काम त्या राज्यात चालले होते त्यास ते बळी पडले. जे माप वंशाची थोरवी सांगण्यासाठी घेतले जाते ते शेवटी आपल्याच घरातील दुबळ्यावर कसे उलटते, याचा हा दाखला विसरण्यासारखा नाही.

आता ते शेत कोणाचे? १९३९ साली हिटलरने पोलंड जिंकून त्याचा पश्चिम भाग आपल्या राज्यास जोडला होता. तेथील पोलिश शेतकऱ्यांस रात्री-पहाटे शिपाई येऊन उठवीत; थोड्या मिनिटांत हाताला लागेल तेवढे गाठोडे घेऊन घराबाहेर काढीत. त्याच घरात नवे जर्मन कुटुंब आणून बसवीत. बेसारेबियाचे बहुतेक शेतकरी १९४१ व १९४२ साली अशाच शेतांवर बसविले गेले. चूल अजून कोमट होती, गोठ्यात गाय धारेविना हंबरत होती, असे त्यांतील अनेकांनी पुढे म्हातारपणी सांगितले. काहींस काही पोलंडाच्या आग्नेयेस झामोश्च प्रांतात नेले. त्या एका प्रांतातून १९४२ च्या नोव्हेंबरापासून १९४३ च्या ऑगस्टापर्यंत सुमारे १,१०,००० पोलिश माणसांस गावांतून हुसकून लावण्यात आले. त्यांत सुमारे ३०,००० मुले होती.

जगास ठाऊक असलेले एक नाव सांगतो. २००४ पासून २०१० पर्यंत जर्मनीचे अध्यक्ष असलेले होर्स्ट कोहलर यांचे आईबाप बेसारेबियाचे शेतकरी होते. कोहलर यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९४३ रोजी त्याच झामोश्च प्रांतातील स्कियेरबिशूफ गावी झाला. आणि ज्या घरी झाला ते घर हुसकून लावलेल्या पोलिश कुटुंबाचे होते. त्या तान्ह्या बालकाचा यात काय दोष? काहीच नाही. तरी त्याचा पाळणा ज्या छपराखाली हलला ते छप्पर दुसऱ्याचे होते, ही गोष्टही खरीच आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, आणि आपला सारा प्रश्न या दोन वाक्यांच्या मधोमध उभा आहे.

१९४५ च्या जानेवारीत रशियन सैन्याची मोठी चढाई झाली, तेव्हा या शेतकऱ्यांनी पुनः गाड्या जुंपल्या. कडाक्याच्या थंडीत, बर्फावरून, वाटेत म्हातारे व तान्ही मुले पुरीत ते पश्चिमेस पळाले. अखेरीस पुष्कळ जण, पाच-सहा पिढ्यांमागे जेथून निघाले होते त्याच वुर्टेम्बर्गात निर्वासित म्हणून पोहोचले. स्टुटगार्ट येथे त्यांचे संग्रहालय आहे. आणि त्यांची नातवंडे-पतवंडे जर्मनीत, तसेच डाकोटा व कॅनडात गेलेल्या शाखा तेथे, आपल्या घराण्याचा माग काढीत असतात.

तो माग कसा काढतात हे पाहण्याजोगे आहे. एखाद्या नातवास आजोबांच्या गावाचे नाव कळले, की तो प्रथम मंडळीच्या नोंदी शोधतो. बाप्तिस्मा, लग्न व मृत्यू यांच्या नोंदींची एक प्रत दरसाल पीटर्सबर्ग येथील ल्यूथरन मंडळीच्या वरिष्ठ कचेरीकडे जात असे. १८३३ पासून १८८५ पर्यंतच्या त्या प्रती टिकल्या आहेत, आणि हौशी लोकांनी कष्टाने त्यांच्या सूची केल्या आहेत. त्यापुढील दुवे हवे असता तो त्या छावणीतील तपासणीचे कागद मागवितो. युद्धानंतर ते हस्तगत झाले व आज बर्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. त्यांच्या चित्रफिती अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यातही आहेत. त्यांत आजोबांचे छायाचित्र, आजीची सही, पणजोबांचे गाव, सर्व एका ठिकाणी सापडते. रशियात गेलेल्या जर्मन कुटुंबांची जी मोठी यादी बहुतेक शोधक हाती घेतात तिचा कर्ता कार्ल श्टुम्प हाही युद्धकाळी जर्मनांनी जिंकलेल्या युक्रेनात जर्मन खेड्यांची वांशिक पाहणी करणाऱ्या पथकाचा प्रमुख होता. म्हणजे ज्या दिव्याने नातू आपले घराणे शोधतो त्या दिव्यात घातलेले तेल कोठून आले हे त्यास पाहावेच लागते. आणि त्याच कागदांच्या गठ्ठ्यात त्यास एके ठिकाणी लिहिलेले आढळते, की अमुक गावचे इतक्या एकरांचे शेत तुझ्या आजोबास देण्यात आले. देणारा कोण ते लिहिलेले असते. ज्याचे होते त्याच्याविषयी मात्र त्याच्या हातातील कागद बहुधा मुकाच असतो.

येथे नातवापुढे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट अभिमानाची. आमचे पूर्वज शूर, कष्टाळू, देवभिरू. रानाचे त्यांनी सोने केले. एवढे लिहून शेताचे पान गाळावे. यात लिहिलेले सर्व खरे असेल. परंतु गाळलेल्या पानामुळे लिहिलेली पानेही खोटी साक्ष देऊ लागतात. अशाच वंशावळीविषयी पौलाने तीमथ्यास सावध केले असावे असे मला वाटते, कारण जी वंशावळ आपणास थोर दाखविण्यासाठी लिहिली जाते तिला खरोखर अंत नसतो. अहंकाराला कितीही पिढ्या दिल्या तरी त्या पुरत नाहीत.

दुसरी वाट सबबींची. आजोबा स्वतः निर्वासित होते. त्यांचे स्वतःचे शेत गेले होते. कोठे जावयाचे हे त्यांस कोणी विचारले नाही. नाही म्हणते तर छावणीत कुजले असते. शिवाय तीन वर्षांत तेही शेत गेले, आणि नातवाचा तर जन्मही झाला नव्हता. या सबबींस मी हसत नाही. दुःखी मनुष्याच्या हातून दुसऱ्याचे दुःख घडते तेव्हा त्याचा न्याय करणे फार अवघड असते, आणि तो आपल्या हाती दिलेलाही नाही. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात परमेश्वराने स्पष्ट केले आहे की बापाच्या अपराधाचे शासन मुलास भोगावे लागणार नाही. यास्तव जो कोणी त्या नातवास पापी म्हणेल तो देवाच्या वचनाविरुद्ध बोलेल.

तरी दोष निराळा आणि ऋण निराळे. आपल्या खेड्यातील साधी गोष्ट घ्या. एखाद्याच्या आजाने शेजाऱ्याचा बांध कोरून दोन तास आपल्या शेतात घातले. आजा मेला, बाप मेला. नातवाने तो बांध कोरला नाही. पण दरसाल त्या दोन तासांतील जोंधळा त्याच्या कणगीत पडतो, आणि शेजाऱ्याचा नातू मजुरीस जातो. आता हे कळल्यावर नातू स्वस्थ बसला, तर आजाचा दोष त्यास लागणार नाही हे खरे. पण स्वस्थ बसण्याचा दोष त्याचा स्वतःचाच असेल. अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नये अशी आज्ञा आहे. त्या आज्ञेत ती खूण कोणत्या पिढीने सरकविली हा प्रश्न नाही, खूण आज कोठे आहे हा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, जेथे शेतच हातचे गेले तेथे परत काय करावे? पोलिश शेतकऱ्यांचे शेत १९४५ नंतर त्यांच्या देशाकडे गेले. आज त्या नातवापाशी त्यातले ढेकूळही नाही. खरे आहे. परंतु ज्याचे शेत घेतले त्याचे आणखी एक गेले होते, ते म्हणजे त्याचे नाव. जणू त्या घरात पूर्वी कोणी नव्हतेच, अशा रीतीने कागद केला गेला. हे नाव मात्र नातवास परत देता येते, आणि ते देण्यास पैसा किंवा राज्य लागत नाही, सत्य लागते. हीच तिसरी वाट होय.

या वाटेने आधी गेलेले लोक शास्त्रात आहेत. नहेम्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडा. बंदिवासातून परत आलेल्या कुटुंबांच्या वंशावळीची यादी तेथे मोठ्या काळजीने दिली आहे. त्यानंतर दोनच अध्यायांनी पाहा. तेच लोक गोणपाट नेसून, अंगावर माती घेऊन उभे आहेत, आणि आपल्या पापांबरोबर आपल्या वाडवडिलांच्या अपराधांचीही कबुली देत आहेत. ज्यांनी वंशावळ जपली त्यांनीच पूर्वजांची पापे पदरी घेतली. वाडवडिलांपासून आलेली नगरे व शेते आमची, पण त्यांचे अपराध आमचे नव्हेत, असे त्यांनी म्हटले नाही.

आणि सर्वांत मोठा दाखला खुद्द आपल्या प्रभूच्या वंशावळीत आहे. मत्तयाने ती लिहिताना तामार, राहाब व रूथ यांची नावे घातली, याविषयी आपण उपदेशांतून पुष्कळदा ऐकले आहे. परंतु त्यापुढील एक शब्द आपल्या लक्षातून निसटतो. शलमोनाच्या आईचा उल्लेख करताना तिचे नाव बथशेबा असे मत्तय देत नाही. दावीदाची राणी असेही म्हणत नाही. ती उरीयाची होती, असे तो लिहितो. उरीया कोण? वंशाने तो दावीदाचा कोणी नव्हता. तो परका हित्ती शिपाई होता. राजाने त्याची बायको घेतली, त्यास लढाईच्या तोंडी देऊन मारविले, आणि त्याचा वंश तेथेच बुडाला. ख्रिस्ताच्या वंशावळीत त्याच्या रक्ताचा थेंबही नाही. तरी पवित्र आत्म्याने त्याचे नाव तेथे लिहविले. ज्या घराण्याने त्यास लुटले त्याच घराण्याच्या थोर यादीत, राजांच्या नावांमध्ये, लुटलेल्याचे नाव कायमचे बसले आहे. दावीदाच्या कुळास याने कमीपणा आला असे देवास वाटले नाही. आपल्या पुत्राने जन्म घ्यावा म्हणून त्याने हेच कुळ निवडले, आणि ते जसे होते तसे जगापुढे मांडले.

माझ्या मते पूर्वजांचा शोध करणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास यापेक्षा स्पष्ट उत्तर नको. बेसारेबियाच्या शेतकऱ्याच्या नातवाने इस्माइलच्या तापात मेलेल्या पणजोबाचे नाव अवश्य लिहावे. रानात विहीर खणणाऱ्याचे, शाळामास्तराचे, बर्फात पुरलेल्या तान्ह्या मुलीचे नाव लिहावे, आणि देवाचे उपकार मानावे. त्याच पानावर, १९४२ सालाच्या ओळीत, त्याने त्या पोलिश शेतकऱ्याचेही नाव शोधून लिहावे. सापडले नाही तर गावाचे नाव लिहावे, आणि येथे आमच्या आधी एक कुटुंब राहत होते एवढे तरी लिहावे. शक्य असल्यास त्या गावी जाऊन त्याच्या नातवंडांस भेटावे. अशी वंशावळ वाचणारी मुले आजोबांवर प्रीती करण्यास शिकतील, आणि अन्यायास अन्याय म्हणण्यासही शिकतील. या दोन गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत असे सैतान सांगतो. मत्तयाचा पहिला अध्याय त्यास खोटे पाडतो.

प्रिय वाचकहो, दूरची गोष्ट पुरी झाली. आता नाथानाप्रमाणे आपल्या घराकडे वळू.

आपल्या मंडळीत दोन प्रकारची कुटुंबे आहेत. काहींच्या वाडवडिलांस गावकुसाच्या आत घर होते, वतन होते, भाटाच्या वहीत कुळाची नोंद होती. काहींच्या वाडवडिलांस गावाबाहेर राहावे लागले. सातबारावर त्यांचे नाव नव्हते, आणि त्यांच्या घराण्याची पहिली लेखी नोंद म्हणजे मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीतील एक ओळ. प्रभूच्या मेजावर दोघेही एका भाकरीचे वाटेकरी होतात. परंतु मुलामुलीचे लग्न जमविण्याची वेळ आली, की कानात हळूच विचारले जाते, हे मूळचे कोणापैकी? बाप्तिस्म्याच्या पाण्यात जी वंशावळ बुडाली असे आपण गातो, ती त्या क्षणी कोरडी ठणठणीत बाहेर येते. रक्ताची प्रत ठरविणाऱ्या त्या छावणीतील कचेरीत आणि या कुजबुजीत अंतर पुष्कळ आहे, हे मी जाणतो. तरी दोन्हींचे माप एकाच लोखंडाचे आहे. पौलास आपले बन्यामिनी कुळ ठाऊक होते. फिलिप्पैकरांस लिहिताना तो ते सांगतो, आणि लगेच ख्रिस्तापुढे ते केरकचऱ्यासमान मानतो. कुळ ठाऊक असणे हे पाप नव्हे. त्याने दुसऱ्यास मोजणे हे पाप आहे.

म्हणून ज्यांस भाटाची वही आहे त्यांस माझे सांगणे असे, की तिच्यात उरीयाचे नाव शोधा. आमच्या वाड्याच्या पायरीशी कोण उभे राहत असे? कोणाच्या सावलीचा आम्हांस विटाळ होत असे? कोणाच्या राबण्यावर आमची पेवे भरत? तो मनुष्य कदाचित आज तुमच्याच मंडळीत, तुमच्या शेजारच्या बाकावर, आपल्या नातवाच्या रूपाने बसलेला असेल. आणि ज्यांस बाप्तिस्म्याच्या वहीतील एका ओळीपलीकडे काही नाही त्यांनी लाजू नये. म्हाताऱ्या माणसांस विचारून ठेवा. दुष्काळात घराणे कोठून कोठे आले, पहिल्याने वचन कोणी ऐकले, कोणी मारले, कोणी पाणी दिले, हे लिहून ठेवा. बांध कोरणारा आणि ज्याचा बांध कोरला गेला तो, असे दोघेही आपल्यात आहेत. पुष्कळदा एकाच घराण्यात, एका पिढीत एक आणि दुसऱ्या पिढीत दुसरा. बेसारेबियाच्या लोकांची गोष्ट हेच सांगते.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्याने वंशावळ कधी म्हणावी तेही सांगितले आहे. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना त्याने सांगावयाचे असते, की माझा मूळ पुरुष भटकणारा, आश्रय शोधणारा होता. आणि त्याच पिकात परक्याने त्याच्याबरोबर आनंद करावयाचा असतो. येत्या उपकारस्तुतीच्या सणास जेव्हा आपण जोंधळ्याची कणसे व भाजीपाल्याच्या टोपल्या घेऊन मंदिरात येऊ, तेव्हा प्रत्येक घरधन्याने मनात दोन नावे आणावी: ज्याच्या कष्टाने हे शेत आपणास मिळाले त्याचे एक, आणि आपल्यास मिळताना ज्याचे गेले त्याचे दुसरे. पहिल्याबद्दल देवाची स्तुती करावी. दुसऱ्याचे घर अजून गावात असेल, तर मंदिरातून निघाल्यावर टोपली घेऊन प्रथम तेथे जावे.